गीझरचा थर्मोस्टॅट दोनदा बदलला तरी पाणी कधी उकळतं, कधी कोमट: डायरेक्ट करण्याआधी हे तपासा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात फोंड्याला फ्लॅट, १५ लिटरचा २ किलोवॅटचा उभा गीझर, पाच वर्षं जुना. सहा महिन्यांत थर्मोस्टॅट दोनदा बदलून झाला. रात्री पाणी इतकं तापतं की नळातून वाफ येते आणि सकाळी तेच पाणी कोमट, मग मेकॅनिक येऊन खालचं झाकण काढतो, आतलं छोटं बटण दाबतो, दोन-चार दिवस बरे जातात, परत तेच. आता तो म्हणतोय की कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा पार्ट) सतत पडतो तर काढूनच टाकू, डायरेक्ट करू. घरात सासूबाई आणि लहान मुलगी आहे, करू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नका करू, कुठल्याही परिस्थितीत नका करू. का ते खाली लिहितो. आणि मेकॅनिक परत येईपर्यंत गीझर वापरायचाच असेल तर आंघोळीच्या आधी वीस मिनिटं चालू करा, मग बंद करून त्याचा एमसीबी (बोर्डवरचा लाइन तोडणारा स्विच) खाली पाडा आणि मगच आत जा. चालू ठेवून झोपू नका.

मी डिचोलीच्या बाजूला गीझर, वॉशिंग मशीन आणि घरगुती वायरिंगचं काम करतो, बरीच वर्षं करतोय. माझ्याकडे "थर्मोस्टॅट गेला" म्हणून येणाऱ्या कॉलमध्ये खरोखर थर्मोस्टॅटच गेलेला असतो असे कमी. त्यातून एकदा बदलला आणि लगेच परत गेला तर मी तिसरा बसवायच्या आधी थांबतो, कारण दोन नवे पार्ट ओळीने खराब निघणं फार क्वचित होतं. म्हणजे दोष पार्टमध्ये नसून तो जिथे बसलाय तिथे आहे, किंवा वायरिंगमध्ये आहे, किंवा पार्टच चुकीचा बसवलाय.

तुम्ही लिहिलेल्यातला महत्त्वाचा धागा म्हणजे "रात्री उकळतं, सकाळी कोमट". ह्या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात पण बहुतेक एकच आहे. गीझरमध्ये दोन रखवालदार असतात. पहिला थर्मोस्टॅट, जो तुम्ही ठेवलेल्या तापमानाला, समजा ६० अंशांना, कॉइलची (पाणी तापवणारा भाग) वीज तोडतो आणि पाणी थोडं गार झालं की परत जोडतो. दुसरा थर्मल कटआउट, तो रोज काम करतच नाही, पहिल्याने काम केलं नाही आणि पाणी ८५-९० च्या वर गेलं की तो एकदाच तोडतो आणि हाताने बटण दाबेपर्यंत परत जोडत नाही. कंपनीप्रमाणे आकडा थोडा इकडेतिकडे असतो. तर तुमच्याकडे रात्री थर्मोस्टॅट वेळेवर तोडत नाही, पाणी उकळीच्या जवळ जातं, कटआउट पडतो, आणि मग रात्रभर कॉइलला वीजच नसते. टाकीला फोमचं इन्सुलेशन असतं म्हणून पाणी सकाळपर्यंत एकदम गार न होता कोमट राहतं. म्हणजे कटआउट त्याचं काम चोख करतोय, तुमच्या घरात सध्या तोच एक भरवशाचा पार्ट आहे आणि मेकॅनिक तोच काढायला निघालाय.

आता थर्मोस्टॅट वेळेवर का तोडत नाही. इथे मी समोर नाही, त्यामुळे नेमकं बोट ठेवता येणार नाही, गीझरचं मॉडेल कुठलं, तुमच्या बिल्डिंगला सोलर आहे का, पाणी कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. पण मी कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो.

सगळ्यात आधी मी थर्मोस्टॅट बाहेर काढून त्याची दांडी बघतो. उभ्या गीझरला बहुतेक दांडीचा थर्मोस्टॅट असतो, तो टाकीत गेलेल्या एका बारीक नळीत, म्हणजे पॉकेटमध्ये सरकवलेला असतो. दांडी वेगवेगळ्या लांबीची मिळते आणि बाजारात जो हाताला लागला तो बसवला जातो. आखूड दांडी पॉकेटच्या तोंडाशीच राहते, तिथे टाकीतल्या पाण्याची खरी ऊब पोचत नाही, त्यामुळे पाणी ७५ झालं तरी तिला ५५ वाटतं आणि ती कॉइल चालूच ठेवते. काही मॉडेलमध्ये दांडीऐवजी बारीक तांब्याची तार आणि टोकाला बल्ब असतो, त्यात तर अजून सोपं, बल्ब पॉकेटमधून अर्धा इंच बाहेर सरकला की खेळ संपला. पर्वरीला एका फ्लॅटमध्ये हुबेहूब तुमचीच तक्रार होती. झाकण काढलं तर बल्ब पॉकेटच्या बाहेर फोमला टेकून बसलेला, झाकण बंद करताना कोणाच्या तरी हाताने ओढला गेला असणार. पॉकेट कापडाने पुसलं, बल्ब तळापर्यंत सरकवला, क्लिप लावली, काम झालं. एक रुपयाचा पार्ट लागला नाही.

तुमच्या मेकॅनिकला सांगा की जुना, म्हणजे कंपनीतून आलेला थर्मोस्टॅट असेल तर नव्याशेजारी धरून दाखव. लांबी सारखी नसेल तर तिथेच उत्तर मिळालं. आणि त्यावर १६ अँपिअर किंवा जास्त लिहिलंय का तेही बघा, स्वस्तातल्या डुप्लिकेट पार्टचे काँटॅक्ट कच्चे असतात, ते चिकटून बसतात आणि मग तापमान काहीही झालं तरी सुटत नाहीत.

थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे घरीही कळतं. काढलेला थर्मोस्टॅट (वायर सगळ्या सुट्या, गीझरला जोडलेला नाही) हातात घ्यायचा, डायल ६० वर, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावायचा, मीटर वाजला पाहिजे. मग पातेल्यात पाणी गॅसवर ठेवून फक्त दांडी त्यात बुडवायची, वरचा भाग कोरडा ठेवायचा, शेजारी किचन थर्मामीटर. पाणी हळूहळू तापवा, घाई नको. साठच्या आसपास बारीक "टक" आवाज येतो आणि मीटर गप्प होतो. गॅस बंद करा, पाणी पाच-दहा अंश उतरलं की परत टक आणि मीटर परत वाजतो. हे झालं तर थर्मोस्टॅट ठणठणीत आहे, त्याला दोष देऊ नका, पुढे चला. ७० झाले, ७५ झाले तरी टक नाही तर तो खराब.

दुसरं, टर्मिनल. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास ८.७ अँपिअर खेचतो, आणि तेवढा करंट एखाद्या ढिल्या स्क्रूतून किंवा सैल लगमधून (वायरच्या टोकाची धातूची टोपी) गेला की तो जोड स्वतःच तापतो. प्लॅस्टिक तपकिरी होतं, वायरचं इन्सुलेशन टोकाला काळं आणि कडक होतं, जवळ नाक नेलं की जळका वास येतो. बऱ्याच मॉडेलमध्ये कटआउट थर्मोस्टॅटच्याच डोक्यात बसवलेला असतो, त्यामुळे टर्मिनलची ही उष्णता त्याला लागते आणि पाणी फारसं गरम नसतानाही तो पडतो. तुमच्या केसमध्ये पाणी खरंच उकळतंय म्हणून हे मुख्य कारण नसेल, पण नवा थर्मोस्टॅट जुन्याच जळक्या लगला जोडला असेल तर तो दोन-तीन महिन्यांत मरणारच. लग कापून नवा क्रिंप करायचा, वायरचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायचं. आपल्याकडच्या हवेत हे जास्त होतं, मिरामार, कोलवा, कळंगुट अशा समुद्राजवळच्या घरांत तर पितळी टर्मिनलवर हिरवा थर दरवर्षी दिसतो. फोंड्यात खारा वारा कमी पण पावसाळ्यातली दमट हवा आहेच, आणि मुंग्या. मुंग्यांना ते गरम कोरडं झाकण फार आवडतं, काँटॅक्टमध्ये चिरडलेल्या मुंग्या मी कितीतरी वेळा ब्रशने काढल्यात.

तिसरं कारण कमी सापडतं पण सगळ्यात धोक्याचं आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. गीझरच्या प्लगला फेज आणि न्यूट्रल उलटे आले असतील तर साधा एकपोली (एकच वायर तोडणारा) थर्मोस्टॅट फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. कॉइल चांगली असेपर्यंत काही कळत नाही, सगळं नीट चालतं. पण कॉइलचं कवच कुठेतरी फुटलं आणि ती टाकीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला लागली, की थर्मोस्टॅटने न्यूट्रल तोडला तरी करंट फेजमधून कॉइलच्या एका भागातून अर्थकडे वाहतच राहतो. थर्मोस्टॅट सुटलाय आणि पाणी तरी तापतंय! नवे कितीही थर्मोस्टॅट बसवा, फरक पडणार नाही. ह्यात घराला आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडायला हवा, तुम्ही आरसीसीबी पडल्याचं लिहिलं नाहीये, म्हणजे एकतर हे कारण नाही, किंवा आरसीसीबी बसवलेलाच नाही. बोर्डवर टेस्टचं बटण असलेला, ३० एमए लिहिलेला रुंद स्विच आहे का बघा. नसेल तर गीझर नंतर, आधी तो बसवून घ्या.

तपासायचं असं: सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की मोठं भोक वर, उजवीकडचं फेज आणि डावीकडचं न्यूट्रल असायला हवं. टेस्टर उजवीकडेच पेटला पाहिजे. मग वीज बंद करून (बटण नव्हे, एमसीबी) कॉइलच्या दोन्ही वायर सोडवायच्या आणि मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघायचा, २ किलोवॅटला साधारण २६ ओहम येतो. कॉइलचं टर्मिनल ते बॉडी मात्र काहीच दाखवता कामा नये. साध्या मीटरवर बारीक लीकेज दिसत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लागतो, मेकॅनिककडे नसेल तर चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे असतो. एक मेगओहमच्या खूप खाली आलं तर मी ती कॉइल बदलतो.

एक अपवाद सांगून ठेवतो, तुमच्यासाठी नाही पण इतरांना उपयोगी पडेल. गावचं घर वर्षभर बंद असतं आणि चतुर्थीला सगळे जमतात, गीझर चालू केला की आरसीसीबी खाली. लोक लगेच कॉइल फेकून देतात. कॉइलच्या आतली पांढरी पूड दमट हवेत ओल शोषते, अख्खा पावसाळा बंद राहिलेल्या कॉइलमध्ये हे होतं. कॉइल बाहेर काढून कडक उन्हात किंवा मंद गरम जागी नीट वाळवली की मेगरचा आकडा चढतो आणि पुढे ती चालते. नाही चढला तर बदला. आरसीसीबी बायपास करून गीझर चालवणं हा उपाय नाही, पाहुण्यांच्या घाईत तर मुळीच नाही.

चौथं, वापराची पद्धत, यात कोणाचाच दोष नसतो. थंड पाणी टाकीत खालून येतं आणि थर्मोस्टॅटही खालच्या बाजूला असतो. गीझर दिवसभर चालू ठेवून दर अर्ध्या तासाने कोणी मगभर पाणी घेतलं, भांडी, हात, मुलीचं तोंड, की दर वेळी खाली थोडं थंड येतं, थर्मोस्टॅट कॉइल लावतो, गरम पाणी वर चढतं, आणि वरचा थर हळूहळू ठेवलेल्या आकड्याच्याही दहा-पंधरा अंश वर जातो. नळाला पाणी वरच्या थरातलं येतं. म्हणून डायल ६० वर आणि नळाला ७५, असं दिसू शकतं. पण एवढ्याने वाफ येत नाही आणि कटआउटही पडत नाही सहसा. डायल ७० च्या वर असेल तर मात्र पडतो. तुमचा डायल कुठे आहे ते लिहिलं नाहीये, बघून ५५-६० वर आणा. साठचं पाणीसुद्धा काही सेकंदांत भाजतं, घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल आहे, बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, ही सवय ठेवाच.

आणि सोलर. बिल्डिंगच्या गच्चीवर सोलर असेल आणि त्याची लाइन तुमच्या गीझरमध्ये येत असेल तर मार्च-एप्रिलच्या उन्हात पाणी आधीच ७०-८०, कधी त्याच्याही वर होऊन येतं. गीझरचा थर्मोस्टॅट बिचारा काय करणार, त्याने कॉइल कधीच तोडलेली असते, पण पाणीच इतकं गरम की कटआउट पडतो. तुमचं रात्रीचं आहे म्हणून मला हे कमी वाटतं, तरी प्लंबरला विचारा. असेल तर आत येण्याआधी मिक्सिंग व्हाल्व्ह (गरम पाण्यात थंड मिसळणारा) लागतो.

कोमट पाण्याचं वेगळंही कारण असू शकतं, तेही एकदा काढून टाकू. कटआउट पडलेला नसतानाही पाणी कोमट येतंय का ते बघा. लाल दिवा लागून विझला, म्हणजे पाणी तयार, आणि बेसिनचा फक्त गरम नळ उघडला तर कडक गरम, पण शॉवरला कोमट, तर शॉवरच्या डायव्हर्टरमधून थंड पाणी गरमच्या लाइनमध्ये शिरतंय, गीझरला हात लावायची गरज नाही. सगळीकडेच पहिली अर्धी बादली गरम आणि मग झपकन कोमट, तर टाकीच्या आतली पाण्याची नळी तुटली असेल किंवा गीझरचे निळे-लाल जोड उलटे लावले असतील. व्होल्टेजही बघा. १५ लिटर पाणी २७ वरून ६० अंशांना न्यायला २ किलोवॅटला साधारण १७ मिनिटं लागतात, पण व्होल्टेज १९० वर आलं की तोच गीझर १.३५ किलोवॅटच्या आसपासच काम करतो आणि २५ मिनिटं घेतो. गावात संध्याकाळी हे होतं आणि लोक गीझर जुना झाला म्हणतात.

पाण्याबद्दल एक. देशावरच्या बोअरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा दगड चढतो, तो पॉकेटवरही बसतो आणि थर्मोस्टॅटला उशिरा कळतं. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकलेलं, त्याने दगड कमी चढतो पण धातू खातो. ओपाच्या सरकारी पाणी प्रकल्पातून येणारं नळाचं पाणी असेल तर त्रास कमी. बिल्डिंग मधून मधून टँकर किंवा बोअर वापरत असेल तर टाकीतली मॅग्नेशियमची अ‍ॅनोड कांडी वर्षाने एकदा काढून बघा. पाच वर्षांत एकदाही उघडला नसेल तर ती आता नुसती तार उरली असेल, आणि ती संपली की पाणी टाकीला आणि कॉइलच्या कवचाला खायला लागतं. वरच्या तिसऱ्या कारणाची सुरुवात तिथूनच होते.

आता डायरेक्टचं. पाणी बंद टाकीत दाबाखाली असतं त्यामुळे ते १०० अंशांना उकळत नाही, त्याच्यावरही तापत जातं. थर्मोस्टॅट अडकलेला, कटआउट काढलेला, तर मध्ये उरतो फक्त प्रेशर व्हाल्व्ह. आणि तो नेमका कोणीतरी बंद केलेला असतो! १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण एक पेलाभर फुगतं, तेवढं व्हाल्व्हमधून थेंब थेंब पडतं, ते नॉर्मल आहे, पण लोकांना ती गळती वाटते आणि ते तिथे टोपी किंवा बुच मारतात. अशी टाकी फाटली तर शंभरच्या वरचं पाणी क्षणात वाफ होतं, न्हाणीघराचं दार, टाइल्स, काही राहत नाही. तुमचा व्हाल्व्ह आजच बघा, तोंडाला बुच असेल तर काढा, लीव्हर असेल तर उचलून पाणी येतं का बघा, हात बाजूला ठेवून.

तर मेकॅनिक परत येईल तेव्हा त्याला ह्या क्रमाने करायला सांगा: आधी सॉकेटची पोलॅरिटी (फेज-न्यूट्रल बरोबर आहेत का) आणि आरसीसीबी, मग दांडीची लांबी आणि पॉकेटमध्ये ती तळापर्यंत जाते का, मग पातेल्यातली टेस्ट, मग लग नवे, मग कॉइल मेगरवर. अर्थिंगही मोजून घ्या, जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो, ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम. हे सगळं एका फेरीत होणारं काम आहे. कंपनीचाच थर्मोस्टॅट मागवा, मॉडेल नंबर गीझरच्या स्टिकरवर असतो. टाकीच गळत असेल, झाकणाच्या आत गंजाचे ओघळ दिसले, तर मात्र पार्टवर पैसे घालू नका, नवा घ्या.

तुम्ही मला चार गोष्टी कळवा: डायल कितीवर आहे, बोर्डवर आरसीसीबी आहे का, सोलरची लाइन येते का, आणि लाल दिवा विझल्यावर गरम नळाचं पहिलं एक मग सोडून दुसऱ्या मगातलं तापमान किती. थर्मामीटर नसेल तर मेकॅनिककडे मागा, हात घालून बघू नका. त्यावरून दांडी की कॉइल हे मी बऱ्यापैकी सांगू शकेन.